लिंबाच्या कुंडीखाली

किकुएने कुंडी उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. खालच्या ओल्या मातीत बोटभर लांबीचं, चपटं, काळपट असं काहीतरी आक्रसून पडलं होतं. पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. थोरल्या बेटावरून बोट आली की उतरणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांचे तळवे ती धक्क्यावरच्या तपासणीच्या नोकरीत घासून घ्यायची, सामानातली माती शोधायची, ते याच किड्यापायी.

"मासाए, किटली आण. पाणी उकळतं हवं."

धाकटी बहीण किटली घेऊन आली. उचललेली कुंडी बघताच तिचा चेहरा उतरला. किकुएने पाणी ओतलं. किडा विरघळून नुसता चिकटा उरला.

"ही कुंडी आली कुठून?"

मासाए एप्रनला हात पुसत राहिली.

"ह्यांनी लावलेलं लिंबू आहे, ताई. हे गेल्यावर थोरल्या बेटावरचं घर मोडलं, सगळं वाटून टाकलं. एवढं एकच ठेवलं."

"मातीसकट?"

"कपड्यांत गुंडाळून आणलं. धक्क्यावर तूच होतीस, म्हणून माझी बॅग कुणी उघडली नाही."

दोघींचा जन्म थोरल्या बेटावरचा. लहानपणी रानात शिरल्या की पानापानावर नखाएवढ्या पिवळ्या गोगलगायी दिसायच्या. मग हा किडा आला. गोगलगाय चालून गेली की मागे राहणाऱ्या ओल्या रेघेचा माग काढत तो झाडावरही चढायचा. एकीवर पाच-सहा किडे तुटून पडायचे. तोंड पोटाच्या मधोमध. तिथून नळी बाहेर काढून शंखातलं सगळं शोषून घ्यायचे. आता तिथला पाचोळा उपसला तर नुसते पांढरे पडलेले शंख हाताला लागतात. त्या पिवळ्या गोगलगायी उरल्या होत्या त्या इथेच, या धाकट्या बेटावर.

मासाएने खुरपं उचललं.

"खुरपं नको. तुकडा पडला की एकाचे दोन होतात."

खुरपं बाजूला ठेवून मासाए आत गेली. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून घेऊन आली आणि लिंबाचं रोप मातीसकट स्वतःच्या हाताने त्यात बुडवलं. पानं बघता बघता लोळागोळा झाली. वाफेत लिंबाचा वास दरवळला. ती रडली नाही.

दुपारभर दोघींनी परसातला दगड न् दगड उलथला, फळकुटं उचलली, कोपऱ्याकोपऱ्यात कढत पाणी ओतलं. दुसरा किडा सापडला नाही.

"सुटलो का गं आपण?" मासाएने विचारलं.

"उद्या कचेरीत सांगायला हवं."

"माझं नाव सांग."

"बॅग मी सोडली. नाव दोघींचं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आसानुमांनी हाक मारली. हातात पालेभाजीची भलीमोठी जुडी.

"काय बायांनो, सणाची साफसफाई आत्तापासूनच? हे घ्या. बघा तरी, एका पानाला भोक नाही!"

किकुएने जुडी घेतली. पानं खरंच अखंड होती.

"औषध मारलंत का?"

"कसलं औषध! गोगलगायीच गायब झाल्यात. त्या मोठ्या दांडग्या नाहीत, की रानातल्या बारक्याही नाहीत. रोज सकाळी बादलीभर वेचून कंबर मोडायची माझी. आता बागेत नुसते रिकामे शंख पडलेत."

किकुएने जुडी कुंपणावर टेकवली. तिने विचारलं,

"कधीपासून?"

आसानुमांनी डोकं खाजवलं. मग मासाएकडे बघून ते तोंडभर हसले.

"तुमची ही बहीण राहायला आली ना, साधारण तेव्हापासून. पायगुणाची आहे हो!"

कौतुक झालं की वाकायचं, ही इथली रीत. मासाए कमरेत वाकली. आसानुमा हसत हसत आपल्या वाफ्यांकडे वळले, त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला, तरी तिला सरळ उभं राहता येईना.