स्वतःला शून्य देणाऱ्या बाईंची वही

मित्रांनो, मी एक वही आहे. जुनी म्हणावी तर फारशी वापरलेली नाही आणि नवी म्हणावी तर कोरीही नाही. माझी पानं चाळीस आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न छापलेला. 'स्वतःबद्दल तुम्ही काय खरं मानता?' 'हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं?' खाली नुसत्या रेघा. मला शिवणारा छापखान्यातला कामगार म्हणाला होता, "मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनीसुद्धा एवढे प्रश्न विचारले नव्हते." तेव्हा मला माझा केवढा अभिमान वाटला होता!

पुढे मी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमच्या कपाटात पडून राहिले. एके दिवशी त्यांनी मला एका निवृत्त शिक्षिकेच्या हातात दिलं. शाळा सुटून चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. बाई दिवसभर स्वतःला बोलत असत. दूध उतू गेलं की "मूर्ख!" किल्ली विसरली की "नालायक!" चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, तर सगळ्या तपासण्या ठणठणीत निघाल्या. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना मॅडमकडे पाठवलं.

"आठवड्याला एक पान लिहा," मॅडम म्हणाल्या. "यात बरोबर-चूक असं काही नसतं."

"मग तपासणार कोण?"

"कोणीच नाही, बाई."

बाईंना ते काही पचलं नाही. छत्तीस वर्षं वह्या तपासलेला हात तो! पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी निळ्या शाईत सुबक लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेतलं आणि समासात शेरा मारला, 'विचार अपुरा. पाचपैकी दोन.' मॅडमचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला इतका राग आला की विचारू नका. पण वहीला हात नसतात.

सहाव्या पानावर बाईंनी मनातलं लिहिलं. त्यांची लेक सहावीत त्यांच्याच वर्गात होती. गणितात तिला एक्क्याण्णव पडत होते आणि ती वर्गात पहिली येत होती. बाई घाबरल्या. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होईल, पोर बाईंची आणि पेपरही बाईंनीच तपासला. 'पायऱ्या नीट मांडल्या नाहीत' असं लिहून त्यांनी नऊ गुण कापले. बक्षीस दुसऱ्या मुलीला गेलं. लेकीने दोन्ही पेपर शेजारी ठेवून पाहिले. पायऱ्या सारख्याच होत्या. जग म्हणतं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंच्या घरात ते उलटं होतं. "घरच्या माणसाला जास्त कडक तपासावं लागतं," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, छडी हातात घेऊन. लेकीने गणिताशी कायमचा उभा दावा मांडला आणि आईशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

सतराव्या पानावर माझा प्रश्न होता, 'तुमच्या मैत्रिणीच्या हातून हीच चूक झाली असती, तर तिला काय म्हणाला असता?' बाईंनी पानभर मायेने लिहिलं. 'अगं, तू तेव्हा पस्तिशीची होतीस. एकटीने नोकरी आणि घर ओढत होतीस. तुला लोकांची भीती वाटली. चूक झाली, पण तू वाईट आई नाहीस.' वाचून मी सुखावले. पुढच्या पानावर होतं, 'आता हेच स्वतःला लिहा.' बाईंनी तेच पत्र शब्दाला शब्द उतरवलं, शेवटी स्वतःचं नाव घातलं आणि लाल पेन उचललं. 'सबब सांगू नये. शून्य.' कागद फाटेपर्यंत त्यांनी ते गोल गिरवलं.

त्याच महिन्यात लेक दोन दिवसांसाठी आली. टेबलावर चष्मा शोधताना तिला मी सापडले. तिने उभ्यानेच सहावं, सतरावं आणि अठरावं पान वाचलं. बाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"स्वतःचा पेपरही कडकच तपासलास की," लेक म्हणाली.

"मी रोज स्वतःला शिक्षा करते गं. सत्तावीस वर्षं झाली."

"मला काय मिळालं त्यातून?" लेकीचा आवाज चढला. "तू शून्य घेऊन मोकळी झालीस. माझे नऊ गुण तुझ्याकडेच राहिले, आई. मला एकदा बोलावून सांगायचं होतंस. एकदाच."

"चुकले मी," बाई म्हणाल्या.

"आता ते नऊ गुण घेऊन मी काय करू?" एवढं म्हणून लेकीने कप घेतला, अर्धा चहा प्यायली आणि दुपारच्याच गाडीने निघून गेली. पोचल्याचा फोनही आला नाही.

त्यानंतर बाईंनी मला उघडलं नाही. माझी बावीस पानं कोरी आहेत आणि मी औषधांच्या पिशव्यांखाली पडून आहे. माझ्यात लिहायला बसतात आणि मग मला कोणी उघडतही नाही, याचं दुःख मला आहेच. पण बाईंचं दुःख मोठं आहे.

म्हणून मित्रांनो, सांगते. स्वतःला कोसत बसणाऱ्याला वाटतं, आपण फार प्रामाणिक आहोत. त्या कोसण्याने कोणाचंही भलं होत नाही. स्वतःवर थोडी माया केलीत, तरच ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात उभं राहायचं बळ येतं. बाईंना ते बळ कधी आलंच नाही; लेकीनेच विचारलं तेव्हा त्या 'चुकले' म्हणाल्या, आणि तोवर लेक अडतीस वर्षांची झाली होती.