डॉक्टरांचं कासव

"हनुवटी टेकवा, मावशी. कपाळ पुढे."

"मला शिकवतेस? सत्तावीस वर्षं लोकांच्या हनुवट्या मीच टेकवत आलेय," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी निमूटपणे हनुवटी टेकवली.

उजेडाची उभी फट डोळ्यावरून सरकली. यंत्रापलीकडे बसलेल्या मुलीनं ती पुन्हा एकदा सरकवून बघितली. ही डॉक्टरांची एकुलती एक लेक, आणि तीही डोळ्यांचीच डॉक्टर. डॉक्टर जाऊन तीन महिने झाले होते.

"उजव्यातला मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. बाबांना माहीत होतं?"

"होतं की. दर वेळी म्हणायचे, सिस्टर, तुमचा डोळा सुट्टीत निवांत करू. आणि सुट्टी आली की गडी पाण्यात."

डॉक्टरांच्या सुट्ट्या समुद्राच्या तळाशी जात. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडावर खास चष्म्याच्या नंबराचा मुखवटा चढवायचा आणि खाली जायचं. सोमवारी ते दवाखान्यात आले, की कानातलं पाणी निघावं म्हणून एका पायावर उड्या मारत. एक ना एक दिवस हा माणूस तिथेच राहणार, असं सगळे म्हणत. प्रत्यक्षात ते गेले स्वतःच्या घराच्या जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना.

"परवा मी चिमटा मागितला, तर तुम्ही कात्री दिलीत," मुलगी म्हणाली.

"दिली."

"ऑपरेशन दुसरीकडे करून घ्यायचं असेल, तर चिठ्ठी देते. मला वाईट नाही वाटणार."

वाटणार होतं, आणि प्रश्न तेवढ्यावर थांबत नव्हता. डॉक्टर गेल्यापासून पेशंट एकेक करून पांगले होते. सिस्टरच दुसऱ्याच्या टेबलावर झोपल्या, तर दवाखान्याला कुलूप लागलंच म्हणायचं. आणि हिच्या टेबलावर झोपायचं, तर हिचे दुधाचे दात पडताना त्यांनी पाहिलेले. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून अधू होता. उजव्याचं काही बरंवाईट झालं, तर हातचं काम कायमचं सुटणार होतं.

"सांगते," म्हणत त्या बाहेर आल्या.

बाहेरच्या बाकावर टेलर बसला होता. त्याचा उजवा डोळा डॉक्टरांनी गेल्या वर्षी केला होता, डावा राहिला होता. काखेत फाईल धरून तो आठवड्यातून दोनदा येई, बसे आणि तसाच परत जाई.

"तारीख देऊ का?" सिस्टरनी विचारलं.

"बघू. पोरगी हुशार असेल हो. पण डोळा म्हणजे काही कापड नव्हे, चुकलं तर उसवून परत शिवायला." मग त्याचं नेहमीचं पालुपद सुरू झालं. "माझ्या वेळी डॉक्टरांनी कासव सांगितलं होतं. अख्खं. सगळ्यांना नाही सांगायचे."

कासवाचा खरा अर्थ सिस्टरना ठाऊक होता. मोतीबिंदूचा पेशंट जागा असतो. तोंडावर कापड असलं, तरी कान उघडे असतात. म्हणून काही बिनसलं, की डॉक्टर 'अरे बापरे' म्हणत नसत, समुद्राखालच्या गोष्टी सांगायला लागत. किरकोळ अडचणीला पट्ट्यापट्ट्यांचे मासे पुरत. कासव निघालं, की मामला गंभीर. पेशंट रमून ऐकत असे आणि सिस्टर घाम पुसत हवं ते हत्यार पुढे करत. टेलरच्या वेळी कासव तेवीस मिनिटं चाललं होतं, आणि नंतर डॉक्टर बेसिनची कड धरून कितीतरी वेळ उभे होते. डोळा मात्र लख्ख झाला.

"माझंच ठरलंय," सिस्टर म्हणाल्या. "गुरुवारी. हिच्याकडेच." बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता माघार नाही.

गुरुवारी त्या आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर आडव्या झाल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या इस्पितळातून मागून आणलेली नर्स उभी होती. थेंब पडले, तोंडावर कापड आलं. यंत्राची घरघर सुरू झाली. आवाजावरून त्या एकेक टप्पा ओळखत होत्या. मध्येच घरघर थांबली. तिथे ती थांबायला नको होती.

"मावशी," मुलगी अगदी सावकाश म्हणाली, "बाबांना एकदा खाली एक कासव दिसलं होतं. एवढं मोठं..."

सिस्टरच्या पायाची बोटं आखडली.

"कासव राहू दे," त्या डोकं न हलवता म्हणाल्या. "काय झालंय ते सांग."

"बाहुली आकसतेय. हुक लावून धरायला लागेल. नर्सना हुक सापडत नाहीयेत."

"डावं कपाट. वरच्या कप्प्यात निळ्या झाकणाचा डबा. घाई करू नकोस. हात गार पडलेत का?"

"हो."

"त्यांचेही पडायचे."

कपाट उघडलं, डबा वाजला. त्यानंतर मुलीनं गोष्ट सांगितली नाही. ती करत होती तेच सांगत राहिली. पहिला लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला जरा वेळ लागतोय. लागला. चौथा. सिस्टर श्वास मोजत पडून राहिल्या, घरघर पुन्हा सुरू होईपर्यंत.

शुक्रवारी सकाळी पट्टी निघाली. भिंतीवरचा तक्ता सिस्टरना तोंडपाठ, म्हणून मुलीनं खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. त्यांनी पाटी वाचली, खालचा फोन नंबरही वाचला आणि मग वळून तिच्याकडे बघितलं.

"रात्रभर झोपली नाहीस."

"तेही दिसतंय?"

"दिसतंय."

बाहेर टेलर होताच. "बघू," म्हणाला. सिस्टर काळा चष्मा काढून उजेडाकडे वळल्या. दुसऱ्याच्या हातची शिलाई तपासावी तसा त्यानं डोळा निरखला.

"टाका दिसत नाही."

"घालावाच लागत नाही."

"काही अडचण नाही ना आली?"

"आली होती. तिनं निस्तरली."

टेलरनं आणखी एकदा डोळा बघून घेतला. मग त्यानं फाईल काउंटरवर ठेवली. "शनिवारी दुकान बंद असतं माझं. पुढचा शनिवार बघा."

सिस्टरनी तारखांची डायरी उघडली. डॉक्टर वर्षाच्या सुरुवातीलाच आपले शनिवार अडवून ठेवत. पुढच्या शनिवारच्या पानावर त्यांच्या तिरक्या, मोठ्या अक्षरात एकच शब्द होता : समुद्र.

सिस्टरनी पेन उचललं आणि त्या जरा थांबल्या. तो शब्द त्यांनी खोडला नाही. खाली उरलेल्या जागेत लिहिलं, टेलर, डावा डोळा, सकाळी नऊ.