साडेअकराचा तास

भंतेजी बारानंतर जेवत नाहीत, हे आमच्या हेडमास्तरले अजून किती वेळा सांगू? कृष्णकांत सर चहा पितात, मान हलवतात आन् म्हणतात, "मॅडम, टाइमटेबल जूनमध्येच फिक्स झालं."

भंते धम्मदीप दर बुधवारी सकाळी कामठीच्या शाळेत नैतिक शिक्षण शिकवतात. तिथून शेअर ऑटोत धक्के खात आमच्या सातवीवर येतात. तास साडेअकरा ते सव्वाबारा. भिक्खूंचा नियम बाराच्या आत जेवायचा, आन् घंटा होईस्तोवर ती वेळ गेलेली. दर बुधवारी उपाशी! बरं, सुट्टीनंतरचा तास माहाच, गणिताचा. अदलाबदल करा म्हटलं, संपलं. पण नाही.

"भंतेजी, तुम्ही तरी बोला ना सरले," मी चिडून म्हटलं.

"एका दिवसानं काही होत नाही मॅडम," ते हसले. मले त्या हसण्याचाच जास्त राग येते.

मागच्या बुधवारी त्यांनी वर्गाले दान शिकवलं. बाराले दहा कमी असताना पहिल्या बाकावरची गोपिका उठली, डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. पोळी आन् वांग्याची भाजी. "भंतेजी, तुम्ही आधी जेवून घ्या. मंग शिकवा." झालं, सारे पोट्टे डबे घेऊन उठले. भंतेजींनी झोळीतून पात्र काढलं. मी दारातून पाहून राहिली होती. खरं सांगते, लय बरं वाटलं.

तेवढ्यात सर राउंडवर आले. "हा वर्ग आहे का भंडारा? कोणी सुरू केलं हे?"

"मी, सर," गोपिका म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी भंतेजींचा तास बंद. कारण काय, तर शिस्त! आन् तो तास मले दिला, गणिताले. अरे, आता कसं बदललं बावा टाइमटेबल? चांगली भांडली मी. सर म्हणे, विषय संपला.

आज बुधवार. मी अपूर्णांक शिकवून राहिली होती, तर गोपिकानं हात वर केला.

"मॅडम, मी डबा दिला म्हणून भंतेजीले काढलं का?"

"नाही वं."

"मंग काहून काढलं?"

मी फळ्याकडे वळून पुढचं गणित लिहिलं. सुट्टीत तिच्या बाजूच्या नूपुरनं डबा आणला नव्हता. "एक पोळी दे ना," ती म्हणाली.

गोपिकानं डब्याचं झाकण दाबून धरलं. "नाही. मी आता कोणालेच देत नाही."