बैलाच्या कष्टाचं नको

यंदा आमच्याकडे सण नाही. एप्रिलमध्ये शैलेंद्र गेला, माझा नवरा. मी रडले नाही, अजूनही नाही. सकाळी उठते, स्वयंपाक करते, जेवते. उर्वी, माझी मुलगी, म्हणते, "आई, आमटीत मीठ दोनदा पडलंय." पडलं असेल. मला चवच लागत नाही.

इथे परदेशात, पॉइंट कुकच्या आमच्या कम्युनिटी हॉलमागे शैलेंद्रने सगळ्यांसाठी भाज्यांचे वाफे केले होते. "इथे पिकतं ते खा रे," हे त्याचं पालुपद. लोक माना डोलवायचे आणि गाडी काढून फ्रोझन पाकिटं आणायला जायचे. तो गेल्यावर तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. हॉलच्या कमिटीची शेरिल म्हणाली, सप्टेंबरपर्यंत कोणी उत्साह दाखवला नाही तर तिथे पार्किंग करू.

त्याच्या वाफ्यात त्याने शेवटचं लावलेलं सिल्व्हरबीट, पालकासारखी पालेभाजी, अजून उभं होतं. मी पाणी घालायची, पण एकही पान तोडलं नव्हतं. तोडलं की संपलं.

उर्वीनेच सुचवलं, "ऋषिपंचमीला सगळ्यांना बोलव ना. तो सण कुठे, व्रत आहे." पटलं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हाताने खणून पिकवलेलंच चालतं. हॉलमध्ये एकच मोठं पातेलं चढवायचं, प्रत्येकीने परसातलं, निदान इथल्या मातीतलं काहीतरी आणायचं. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मेसेज मीच टाकला. शेरिललाही बोलावलं.

आल्या सगळ्या, नटूनथटून. पिशव्या उघडल्या. फ्रोझन अळू, फ्रोझन सुरण, फ्रोझन भेंडी.

"अगं, इथलं आणायचं होतं ना?"

"काकू, अळूशिवाय ऋषीची भाजी होते का?" मंजिरी म्हणाली. आमच्या समोरच राहते, आयटीत आहे, हुशार पोरगी. "आमच्याकडे अळू लागतंच."

माझं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं मला.

"वा गं वा! बैलाचे कष्ट नकोत, आणि जहाजाचे चालतात? अर्ध्या जगावरून आलंय ते अळू! ऋषींना काय सांगणार, बैल नव्हता म्हणून?"

उर्वी शेरिलला हळूच इंग्रजीत समजावत होती. मी सुरी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

वाफ्यापाशी बसले. कापलं तर त्याच्या हातचं काही उरत नव्हतं. नाही कापलं तर त्याच्यावर गाड्या उभ्या राहणार होत्या. "सांग आता, काय करू?" म्हटलं. तो कसला सांगतोय! मग बुडापासून कापायला लागले.

"काकू, शेजारच्या वाफ्यात काय आहे?" मागे मंजिरी उभी होती.

"ब्रॉड बीन्स, पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेत. कोवळे शेंडे खुड."

ती पैठणी खोचून चिखलात बसली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या, कोणी अशीच उगवलेली मेथी उपटली, कोणी कोथिंबीर. एकीने तर पुढच्या वर्षी अळूचे कंद इथेच लावू म्हणून जागाही धरून ठेवली.

शेरिल दारातून बघत होती. "नो वरीज," म्हणाली, "पार्किंगचं राहू दे. पण वाफे रिकामे दिसले तर बघा हं."

भाजी शिजली. मी पहिला घास घेतला.

"अळणी झालीये," मी म्हणाले.

उर्वीचा चमचा हातातच राहिला. "आई, तुला कळलं?"

"मीठ आण," म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.