सर्वानुमते

मनकर्णाबाईंचा हात कोपरापर्यंत वर आला आणि तिथंच अडकला. नगरपंचायतीच्या सभागृहात बाकी सगळे हात कधीच वर गेले होते, अगदी ताठ. दाराशी उभा असलेला फोटोवाला मोबाइल आडवा धरून थांबला होता.

"बाई, थोडा अजून वर," तो म्हणाला. "तोंडासमोर येऊन राह्यला."

ठराव कस्तुरचंदभाऊंचा होता. कापडाचं मोठं दुकान, तीनदा निवडून आलेले, गावात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. गेला महिनाभर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच विषय फिरत होता: आमदारांचे पगार, माजी आमदारांची पेन्शन, त्यांचे प्रवासभत्ते. लोक चिडले होते आणि चिडायला कारणही होतं. पण आमदार बसले मुंबईत, त्यांच्या पेन्शनीपर्यंत इथून कोणाचा हात पोचणार? मग भाऊंनी जवळचं शोधलं. सुधारणा आपल्यापासून सुरू व्हावी म्हणून नगरपंचायतीच्या सगळ्या सदस्यांनी मानधन आणि बैठकीचा भत्ता मुदत संपेपर्यंत सोडावा, असा ठराव त्यांनी मांडला. भाऊ जैन, त्यांचं पर्युषण चालू होतं आणि त्या दहा दिवसांतला तो दिवस उत्तम त्यागाचा होता. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, तरी चेहरा प्रसन्न होता. मानधन ते केवढं! भाऊंच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या चहालाच तेवढं जात असेल.

"मले थोडं बोलायचं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. हात तसाच अर्धा.

"बोला न, बाई. लोकशाही हाय," कस्तुरचंदभाऊ म्हणाले.

"ज्याले जमते त्यानं सोडावं. ज्याले लागते त्याचं राहू द्यावं. माह्या घरी दुसरं काई येत नाई, भाऊ."

मागं कोणीतरी हसलं. पाणीपुरवठ्याचे सभापती म्हणाले, "म्हणजे त्याग आमी करायचा अन् पैसे तुमी घ्यायचे? पेपरात काय छापून येईन?"

भाऊंनी त्यांना हातानंच गप्प केलं. ते कधी कोणाला तोडून बोलत नसत. खुर्चीतून थोडं पुढं वाकून, घरच्या माणसासारखं, ते म्हणाले, "बाई, घरात काई कमी असन त मले सांगा. गव्हाचं पोतं उद्याच पाठवतो, संकोच करू नोका. पण गावाच्या पैशाले हात कायले लावता?"

बाकं वाजली. मनकर्णाबाईंना समजलं की आपल्या हक्काची वस्तू या माणसानं दोन वाक्यांत चोरीची करून टाकली. समजलं, पण ते बोलावं कसं ते सुचेना. त्यांनी शेजारी बसलेले सदस्य रऊफभाई यांच्याकडे पाहिलं. रऊफभाई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, काढत होते. मग बाईंनी हात वर केला, फोटो निघाला आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हे असं. टाळ्यासुद्धा बायजीलाच मिळतात.

निवडून येण्याआधी मनकर्णाबाई लग्नाकार्यात पुऱ्या लाटायला जात. आचारी आधी त्यांना निरोप धाडत आणि मग बाजाराला निघत, इतका त्यांचा हात चालायचा. पुढं वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला, मोठ्या घरातल्या दोन जावा तिकिटावरून भांडल्या आणि त्या भांडणात मनकर्णाबाई निवडून आल्या. त्या दिवसापासून कामाचे निरोप बंद झाले आणि पत्रिका यायला लागल्या. नगरसेविकेला पुऱ्या लाटायला कसं बोलवायचं? तिला पहिल्या पंगतीत बसवायचं. आणि पहिल्या पंगतीत बसणाऱ्या बाईला आहेराचं पाकीट न्यावं लागतं. बारशाला जा, मयतीला जा, ऑटोचं भाडं पदरचं. घर रेशनवर चालायचं. मानधन आलं की ते जसंच्या तसं वाशिमला जायचं, कांचनच्या मेसला. कांचन त्यांची एकुलती पोरगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. वर्ष पुरं झालं की नोकरी, आणि नोकरी लागली की मग नगरपंचायत गेली खड्ड्यात, असा बाईंचा साधा हिशोब होता.

पायऱ्या उतरताना रऊफभाईंनी त्यांना गाठलं. त्यांचं बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान होतं आणि बाईंशी ते अदबीनं वागत.

"नाराज होऊ नोका, बाई. मी बोललो असतो त म्हणले असते, रऊफलेच पैसे पाहिजेत, बाईच्या आडून बोलून राह्यला."

"खरं हाय."

"माहं बी नुकसानच हाय न."

"तुमचं दुकान हाय, रऊफभाई."

रऊफभाईंनी खिशातून दुकानाची किल्ली काढली. ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं, आणि बाईंना त्याचाच जास्त संताप आला.

कांचन गणपतीच्या सुटीत घरी आलेली होती. मेसचे पैसे भरल्याशिवाय ती परत जाऊ शकत नव्हती. आईनं सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं आणि नुसतं म्हणाली, "मंग मी नाई जात."

"जाशीन. दोन दिवस थांब."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मनकर्णाबाई जऊळक्याला निघाल्या. तिथल्या एका गणेश मंडळाचा महाप्रसाद होता आणि आचारी त्यांच्या जुन्या ओळखीचा. त्याला त्यांनी स्वतः फोन केला होता. "जऊळक्यात मले कोन वळखते?" असं म्हणून त्यांनी त्याचं तोंड बंद केलं. मांडवामागं चटईवर बसून त्यांनी पदर खोचला, कणकेचा गोळा हातात घेतला आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना बरं वाटलं. पोळपाटावर पुरी फिरत होती. समोरच्या बाया सासवांच्या चुगल्या करत होत्या. कोणी त्यांना ताई म्हणत नव्हतं, मॅडम म्हणत नव्हतं. दुपारपर्यंत टोपलीवर टोपली भरली आणि बाईंच्या मनात मेसच्या निदान पहिल्या हप्त्याची सोय लागत आली.

पंगती बसल्या तेव्हा मंडळाचे अध्यक्ष गोविंदसिंग तेलाचा डबा ठेवायला मागं आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढून त्यात पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं. कालचा फोटो जऊळक्याला त्यांच्या आधीच पोचला होता.

"अहो, तुमी त त्या मानधन सोडनाऱ्या बाई," गोविंदसिंग म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "अन् इथं पुऱ्या लाटून राह्यल्या?"

पुढचं सगळं भक्तिभावानंच झालं. लाउडस्पीकरवरून पुकारा झाला की मानधनाचा त्याग करणाऱ्या नगरसेविका आपल्या बाप्पाच्या चरणी सेवा देत आहेत. बायांनी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. त्यांना स्टेजवर नेलं, शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितले. माइक तोंडासमोर आला. बाईंच्या मनात एकच वाक्य होतं, ते म्हणजे माझी मजुरी द्या. समोर शेकडो माणसं जेवायची थांबून त्यांच्याकडे बघत होती.

"गणपती बाप्पा," त्या म्हणाल्या.

मांडव दणाणून गेला.

संध्याकाळी आचाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. तो बिचारा खाली मान घालून बोलत होता.

"बाई, अध्यक्षानं तुमचे पैसे कापले. म्हणे, त्या सेवेत आल्या, त्यायचे कायचे पैसे? मी कसा मांगू आता? म्हणलो असतो, पन तुमचंच नाव खराब झालं असतं."

"नोका मांगू," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नारळ फोडला. रात्री मायलेकींनी त्याची चटणी भाकरीशी खाल्ली.

गणपती बुडाले. पर्युषण संपलं आणि क्षमेचा दिवस आला. त्या दिवशी कस्तुरचंदभाऊ पायी निघत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हात जोडलेले. दुकानातल्या नोकरापासून निवडणुकीत पाडलेल्या उमेदवारापर्यंत एक घर सोडत नसत, आणि गावाला त्याचं कौतुक होतं. रीत चांगलीच आहे. वर्षातून एकदा माणसानं माणसापुढं वाकावं, यात वाईट काय? या वर्षी बरोबर त्यांची सून चेतना होती. दुकानातलं साड्यांचं काउंटर तीच बघायची.

मनकर्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. गल्लीतल्या चार बाया आपापल्या दारात उभ्या होत्या.

"उत्तम क्षमा, बाई," भाऊ म्हणाले. "वर्षभरात जानता-अजानता काई चुकलं असन, मन दुखावलं असन, त हात जोडून क्षमा मांगतो."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "कायची क्षमा, भाऊ?"

"आता हेच की, जानता-अजानता..."

"अजानता राहू द्या. जानून काय केलं तेवढं सांगा. मंग करतो."

भाऊंनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठी घालून, प्रामाणिकपणे. माणूस ढोंगी असता तर बरं झालं असतं, ढोंग्याला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं.

"असं काई ध्यानात येऊन नाई राह्यलं," ते म्हणाले आणि सुनेकडे वळले. "चेतना, आपल्याकडून काई झालं का बाईचं?"

चेतनाची मान खाली होती. तिनं पदर सारखा केला.

"नाही, बाबूजी."

"मंग नाई करत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ज्याचं तुमाले नावच मालूम नाई त्याची क्षमा मी कशी करू?"

दारातल्या बायांपैकी एकीनं तोंडावर हात ठेवला. कस्तुरचंदभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र एक रेघ हलली नाही. "मांगनं माहं काम होतं, बाई, ते झालं," ते सौम्यपणे म्हणाले. "देनं तुमच्या मनावर." पुन्हा एकदा हात जोडून ते पुढच्या दाराकडे गेले.

बाईंना आतून फार हलकं वाटत होतं. सभागृहात जे तोंडून निघालं नाही ते आज निघालं होतं. त्यांनी सूप उचललं आणि चक्क गुणगुणायला लागल्या.

कांचन आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, हे काय केलं?"

"काय केलं? खरं तेच बोललो."

"मी चेतनावहिनीले भेटलो होतो परवा. त्या मले काउंटरवर ठेवून घेनार होत्या. आज भाऊले इचारून सांगतो म्हणे." कांचनचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला. "तीन-चार महिने करतो, पैसे जमवतो, मंग परीक्षेले बसतो. दुसरं कोन देते गावात काम?"

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू नाई म्हणली असती."

तांदळातला खडा मनकर्णाबाईंच्या बोटांत होता, तो त्यांनी कितीतरी वेळ टाकलाच नाही. दुपार होईतो गावभर झालं होतं की क्षमेच्या दिवशी भाऊंसारखा माणूस दारात हात जोडून उभा आणि नगरसेविकेनं त्यांना तसंच परत पाठवलं. ज्यांनी भाऊंना कधी मत दिलं नव्हतं तेही हळहळले. कोणी म्हणालं, मानधन गेलं त्याचा राग दिसतो. म्हणजे मानधनासाठीच निवडून आली होती की काय?

चार वाजता मायलेकी दुकानात गेल्या. भाऊ गादीवर होते. लग्नाचा बस्ता नव्हता, तरी पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली होती. चेतनानं दोघींना पाहिलं आणि ती हातातल्या साडीची घडी मोडून पुन्हा घालायला लागली.

"भाऊ, सकाळी माह्याकडून चुकलं," मनकर्णाबाई उभ्यानंच म्हणाल्या. "तुमी हात जोडून दारात आले अन् मी चारचौघांत तुमाले नाई म्हणलं. तुमचा अपमान केला. त्याची क्षमा मांगतो."

"अहो, बाई, काय हे!" कस्तुरचंदभाऊ गादीवरून उठले. "आमच्या मनात काई नाई. आजचा दिवसच त्याचा हाय. बसा, बसा. पानी आना रे बाईले." मग ते गिऱ्हाइकांकडे वळले. "आपल्या नगरसेविका हायत. मानधन सोडलं त्यायनं."

गिऱ्हाइकांनी आदरानं सरकून जागा केली. बाई बसल्या नाहीत.

"पोरीचं सांगितलं मले चेतनानं," भाऊ म्हणाले. "उद्यापासून येऊ द्या. पोरगी शिकलेली हाय, चांगलंच हाय. फक्त पहिला महिना पगार नसते. शिकण्यात जाते तो, सगळ्या पोरीयले तोच नियम हाय. तुमच्या पोरीले येगळं केलं त लोक मलेच बोलतीन. चालन न, बाई?"

कांचन आईकडे पाहत होती. गिऱ्हाइकंही पाहत होती. चेतनानं साडीची घडी पुरी केली आणि ती फडताळात ठेवायला पाठ वळवली.

"चालते, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या.