न हललेला गोलपोस्ट

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. तुमच्या मैदानावरच्या हॉकीचा नव्हे, बर्फावरच्या हॉकीचा. लाल नळ्या, पाठीला पांढरी जाळी, आणि अंगावर इतके पोचे की माझ्या डॉक्टरने, म्हणजे वेल्डरने, ते मोजायचं कधीच सोडून दिलं.

कॅनडाच्या गव्हाच्या मुलखात ब्रँटली नावाचं गाव आहे. तिथल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात माझा जन्म झाला, आणि मला जन्मतःच एक गोष्ट शिकवली गेली: हलायचं. माझे पाय बर्फातल्या भोकांत बसवलेल्या दोन रबरी खुंट्यांवर उभे असतात. पूर्ण वेगात घसरत आलेला खेळाडू आदळला की खुंट्या वाकतात, मी सुटतो आणि त्याच्यासोबत मागे सरकतो. मी हललो की हाडं वाचतात. इतर वस्तूंची कीर्ती त्यांच्या पक्केपणामुळे होते, माझी सुटण्यामुळे झाली.

वीस वर्षं मी ब्रँटली बायसन्स या व्यावसायिक संघाची सेवा केली. बर्फाची देखभाल करणारा ओरेस्ट ह्रिनचुक मला रोज पुसायचा. गोलरक्षक यार्मो केटुनेन हा फिनलंडचा, माणसांशी फारसा न बोलणारा. पण प्रत्येक सामन्याआधी तो काठीने माझ्या दोन्ही खांबांना टकटक करून माझी खुशाली विचारायचा. आणि लेलंड प्रोकोप! संघात एवढा एकच गडी असा होता, ज्याच्यासाठी लोक अजून तिकीट काढत. चकती, म्हणजे आमच्या खेळातला चपटा रबरी चेंडू, घेऊन तो सरळ माझ्या अंगावर यायचा, थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं. मला घेऊन मैदानाभोवतीच्या काचेवर आदळायचा आणि उठताना म्हणायचा, "माफ कर रे म्हाताऱ्या." त्याच्या खांद्याच्या हाडाशी माझी जुनी ओळख होती.

मग मालकांनी संघाचा कारभार आपल्या जावयाकडे सोपवला. ग्रँट हॉलिस्टर साहेब त्याआधी पोहण्याचे तलाव बांधून देत. पाणी तेच, फक्त गोठलेलं, असा विचार झाला असावा. साहेबांनी आल्या आल्या बचावफळीतले दोन सर्वांत भक्कम गडी देऊन टाकले आणि बदल्यात एक आक्रमक घेतला. तो गुडघ्याला पट्टी बांधून आला आणि पट्टीसकटच हंगामभर बसून राहिला. तीन प्रशिक्षक बदलले. तिसऱ्याला नोकरी गेल्याचं कळलं, ते गाडी लावायच्या जागेवरची त्याच्या नावाची पाटी काढलेली दिसली तेव्हा.

संघ ओळीने अकरा सामने हरला. बिचाऱ्या यार्मोवर चहूबाजूंनी चकत्या येत. अगदीच नाकातोंडात पाणी जायला लागलं की तो कमरेने मला हळूच ढकलायचा. मी सुटलो की शिट्टी व्हायची, खेळ थांबायचा, आणि त्याला श्वास घ्यायला मिळायचा. पंच त्याबद्दल शिक्षाही देत. साहेबांनी वरच्या काचेच्या खोलीतून हे पाहिलं आणि संघ का हरतो, ते त्यांना कळलं. चूक माझी होती.

ते खाली बर्फाच्या कडेला आले.

"आपला गोलपोस्ट फार सुटतो," ते ओरेस्टला म्हणाले.

"सुटायलाच बनवलाय साहेब."

"मग न सुटणारा बनव. पोलादी खुंट्या लाव. फक्त आपल्याच गोलपोस्टला. त्यांचा राहू दे ढिला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा सामना तीन भागांत होतो आणि दर भागानंतर संघ बाजू बदलतात. पहिल्या भागात जो 'आपला' गोलपोस्ट, तो दुसऱ्या भागात 'त्यांचा' होतो. ब्रँटलीच्या दुधवाल्यालाही हे ठाऊक होतं. पण मधला भाग साहेब जाहिरातदारांसोबत जेवण्यात घालवत, त्यामुळे त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

ओरेस्टने ते सांगायला तोंड उघडलं.

"तुझ्या निवृत्तीला चौदाच महिने राहिलेत ना?" साहेबांनी आपुलकीने विचारलं.

ओरेस्टने तोंड मिटलं.

शुक्रवारी सकाळी लीगचा निरीक्षक आला तेव्हा खुंट्या रबरी होत्या. संध्याकाळी पोलादी. मी ज्या दुकानात जन्मलो, त्याच दुकानात त्या घडवल्या होत्या. पहिल्या भागात यार्मोने मला ढकललं. मी हललो नाही. पुन्हा ढकललं. तो वळून माझ्याकडे बघतच राहिला.

मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करण्यासाठी मला उचलून बाजूला ठेवावं लागतं. ओरेस्टने मला उचललं. त्याच्या कोटाच्या खिशात रबरी खुंट्यांची जोडी होती, मला तिचा वास ओळखू आला. खोलीकडे जाणारा यार्मो थांबला.

"आज हा जड का झालाय रे?"

"थंडीने," ओरेस्ट म्हणाला.

त्याने खिशात हात घातला. वर काचेच्या खोलीकडे पाहिलं. ती रिकामी होती, साहेब जेवायला गेले होते. तरीही त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि मला पोलादावर बसवलं. बसवताना रोज करायचा तसा हात फिरवला नाही.

दुसरा भाग सुरू झाला. यार्मो समोरच्या टोकाला गेला. चौथ्या मिनिटाला लेलंडला चकती मिळाली. लोक उभे राहिले. तो माझ्याकडे येत होता, नेहमीसारखा, थांबण्याचा विचार न करता. कारण मी सुटणार, हे तो वीस वर्षं नाही तरी नऊ वर्षं धरून चालला होता.

मी हलायचा प्रयत्न केला. मित्रांनो, खरंच केला.

लेलंड आता दोन काठ्यांवर चालतो. कार्यालयाने पत्रक काढलं: गोलपोस्ट जुना झाला होता. मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. ओरेस्ट ठरल्या तारखेला निवृत्त झाला, केक कापला. शेडकडे तो एकदाही आला नाही. पोलादी खुंट्यांचा उल्लेख पत्रकात नव्हता. त्या साहेबांच्या कपाटात आहेत, तेल लावून ठेवलेल्या. नवा गोलपोस्ट आलाय, चकचकीत लाल. संघ अजून हरतोच आहे, आणि यार्मोच्या जागी आलेला नवा गोलरक्षकही त्याला कमरेने ढकलायला लागलाय, असं ऐकतो.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुठल्याही मैदानात उतराल, तेव्हा खेळायच्या आधी गोलपोस्टला हाताने एकदा ढकलून पाहा. तो हलला नाही, तर कुणाला काही विचारत बसू नका. घरी जा.