फिंतासच्या अंगणातला खुंट

लक्ष्मीकांत विधातेने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि पहिल्याच दिवशी त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढचं सगळं रामायण त्या गुळणीचं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. लक्ष्मीकांत मूळचा पिंपळगाव बसवंतचा. घरी द्राक्षबाग, वडील आणि थोरला भाऊ तिच्यात दिवसभर राबणारे. हा मात्र इन्स्ट्रुमेंटेशन शिकला आणि कुवेतला रिफायनरीच्या कामावर लागला. बायको प्रेमा मालवणची, तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. मुलगी ओवी सहा वर्षांची. आणि लक्ष्मीकांतच्या डोक्यावर साहेब म्हणून बसलेला होता एक इटालियन, एत्तोरे नावाचा. पंचावन्न ओलांडलेला, बायकोपासून केव्हाच वेगळा झालेला. साइटवर नुसता वाघ. पण शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी हाच वाघ कुवेतमधल्याच फिंतास भागातल्या आपल्या घरात एप्रन बांधून उभा राही आणि विधाते मंडळींना जेवायला बोलवी. ‘लक्ष्मीकांत’ हे नाव काही त्याच्या तोंडात मावेना, म्हणून तो नुसतं ‘लक्ष्मी’ म्हणे. प्रेमाला तर आयतंच कोलीत मिळालं. “अहो लक्ष्मीबाई, साहेब बोलावताहेत,” असं ती मुद्दाम त्याच्या कानाशी येऊन म्हणायची.

त्या पहिल्या शुक्रवारी एत्तोरेने मासळीचं कालवण केलं होतं. त्यांच्याकडे त्याला ब्रोदेत्तो म्हणतात. एत्तोरे अंकोनाजवळच्या एका खेड्यातला, आणि अंकोनाच्या ब्रोदेत्तोत म्हणे तेरा जातींचे मासे लागतात. बारा घातले तर बाया नावं ठेवतात. फहाहीलच्या बाजारात भल्या सकाळी जाऊन त्याने हमूर आणली, झुबैदी म्हणजे आपलं पापलेट आणलं, कोळंबी, माकूल, असं करत करत अकरावर गाडी अडली होती. “दोन कमी आहेत, माफ करा,” असं तो इतक्या दुःखाने म्हणाला, की प्रेमाला त्याची कीवच आली. तिने रस्सा चाखला आणि म्हणाली, “अगो बाई, कोकमाच्या जागी व्हिनेगर, बाकी आपलंच की हो!”

टेबलावर उंच दांडीचे ग्लास होते, आणि त्यात होता डब्यातला द्राक्षाचा रस. कुवेतमध्ये दारूला बंदी, आणि एत्तोरे कायद्याच्या बाबतीत सरळ माणूस. पण बोलण्याला कुठे बंदी होती? रसाचा ग्लास उजेडाला धरून तो सुरू व्हायचा. या कालवणाशी वेर्दिक्किओ वाइन हवी, आमच्या टेकड्यांवरची पांढरी, घोट संपता संपता कडू बदामाची चव मागे ठेवणारी. खिम्याचे थर लावून भाजलेल्या विन्चिसग्रासीशी कोनेरो डोंगरावरची लाल. आणि घरी मुरवलेल्या मांसाच्या सलामीशी लाक्रिमा. लाक्रिमा म्हणजे आसू. साल इतकी पातळ, की पिकलं की द्राक्ष आपोआप तडकतं आणि त्याला रसाचा थेंब लोंबतो. वाइनला गुलाबाचा वास येतो. “आमच्या पाच-सहा गावांबाहेर ती कुठे धड पिकत नाही,” एत्तोरे म्हणाला. “शेजारच्या खोऱ्यात नेऊन लावा, रुसून बसते.”

लक्ष्मीकांत माना डोलवत होता. मनात म्हणत होता, बियांचं द्राक्ष, सालही फुटकी. आमच्या नाशकात व्यापाऱ्याने पेटीला हात लावला नसता.

जेवण झालं तसं एत्तोरे त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे भिंतीवर एक द्राक्षवेल चढला होता. अर्धं अंगण झाकलेलं, हिरवंगार.

“माझ्या बापाच्या लाक्रिमाचं हे शेवटचं झाड,” तो म्हणाला. “बाप गेला, आणि भावाने सगळी बाग मुळासकट उपटून गहू पेरला. बापाने मरायच्या वर्षी स्वतःच्या हाताने कलम केलेलं एक रोप मी तेवढं वाचवलं आणि बॅगेत घालून इथे आणलं. चौऱ्याण्णव साल. पहिल्याच उन्हाळ्यात जळालं, जमिनीपर्यंत. मी रडलो, लक्ष्मी, खोटं नाही सांगत. पण पाणी देणं सोडलं नाही. आणि ऑक्टोबरात मातीतून कोंब वर आला! मेलेला बाप परत आल्यासारखं वाटलं मला.”

‘मातीतून’ म्हटल्यावर लक्ष्मीकांतचे कान टवकारले.

अहो, द्राक्षवाल्याच्या पोराला हे कोणी शिकवावं लागतं का? हल्ली द्राक्षाचं रोप दोन झाडांचं असतं. खाली अमेरिकन जंगली खुंट, का तर त्याच्या मुळांना कीड लागत नाही. आणि त्यावर कलम भरलेली आपल्या जातीची काडी. काडी जळाली आणि कोंब मातीतून आला, म्हणजे फुटला तो खुंट. लक्ष्मीकांतने हळूच एक पान उलटून पाहिलं. चकचकीत, गोल, कातरे नाहीत. बुडाशी माती सारली तर कलमाचा सुकलेला तुकडा अजून तिथेच होता, आणि जोमदार फूट त्याच्या खालून निघालेली. एत्तोरे तीन वर्षं निगुतीने पाणी घालत होता ते रानवेलाला. त्याला जन्मात घड लागणार नव्हता.

“तू शेतकऱ्याचा मुलगा,” एत्तोरे म्हणाला. “सांग, कधी येतील घड?”

लक्ष्मीकांतने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते लहान पोरासारखं फुललं होतं. “येतील, साहेब,” तो म्हणाला. “वेलाला वेळ लागतो.”

गाडीत बसल्यावर त्याने प्रेमाला खरं काय ते सांगितलं. मागच्या सीटवरून ओवी म्हणाली, “बाबा, जस्ट टेल हिम ना!” प्रेमा म्हणाली, “काही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा आहे.” लक्ष्मीकांतला हेच ऐकायचं होतं. भीड ही भिकेची बहीण, असं त्याचे वडील सांगत आले होते. पण वडील पिंपळगावात होते आणि साहेब इथे होता.

मग काय, दर जानेवारीत एत्तोरे वेल छाटायचा आणि मार्चमध्ये रोज सकाळी पानं बाजूला करून करून घड शोधायचा. सापडायचा नाही. तो विचारायचा, आणि लक्ष्मीकांत म्हणायचा, “पुढच्या वर्षी येतील.” असं तीनदा झालं. शुक्रवारची जेवणं चालू होती. प्रेमाने एकदा मालवणी कालवणाला तेरा मासे जमवून दाखवले, तेव्हा एत्तोरेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीकांतला मात्र त्या घरचा घास अलीकडे गोड लागत नव्हता.

दोन हजार सालच्या सप्टेंबरात एका शुक्रवारी एत्तोरेने भिंतीवर एक नकाशा टाचला. भावाकडून त्याने बापाच्या बागेतला अर्धा एकर परत मिळवला होता. “दोन वर्षांनी माझं इथलं काम संपतं,” तो म्हणाला. “येत्या जानेवारीत या वेलाच्या दोनशे काड्या घेऊन जातो आणि लावतो. आई शहाऐंशीची आहे. तिला बापाच्या द्राक्षांचा एक घड हातात द्यायचा, एवढंच आता राहिलंय माझं.”

ओवीने बापाकडे पाहिलं. प्रेमाने ताटाकडे पाहिलं. आतापर्यंत लपवलं ते दयेपोटी, असं स्वतःला सांगता येत होतं. यापुढे लपवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला अर्धा एकर रानवेल लावायला धाडणं होतं.

“साहेब, अंगणात चला,” लक्ष्मीकांत म्हणाला. बुडाशी बसून त्याने माती उकरली, सुकलेलं कलम दाखवलं, फूट कुठून निघालीय ते दाखवलं. सगळं सांगून टाकलं.

एत्तोरेने ते सुकलेलं कलम बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाला, “तुला हे आज कळलं?”

“नाही. पहिल्या दिवशी.”

“वेल खोटा निघाला, त्याचं मी पाहीन,” एत्तोरे म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “पण मी तुला विचारत होतो, लक्ष्मी. दर वर्षी विचारत होतो. इथे सगळे मला साहेब म्हणून हो ला हो करतात. मला वाटलं, एक माणूस तरी मला खरं सांगतो.” आणि तो घरात निघून गेला.

शुक्रवार बंद झाले. साइटवर तो कामापुरतं बोले, ‘मिस्टर विधाते’ म्हणे. प्रेमाने दोनदा मासळी शिजवून पाठवली, डबे धुऊन परत आले, चिठ्ठी नाही. “माझंच चुकलं, मीच तुम्हाला गप्प बसा म्हटलं,” ती म्हणाली. “तू सांगितलंस आणि मी ऐकलं, कारण मला तेच सोयीचं होतं,” लक्ष्मीकांत म्हणाला. हे मात्र खरं होतं.

नाताळच्या सुट्टीत एत्तोरे गावी गेला. जानेवारीत परतला तो विमानतळावरून थेट विधात्यांच्या दारात. हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेली काड्यांची जुडी.

“आईला सगळं सांगितलं,” तो दारातूनच म्हणाला. “ती म्हणाली, ‘अरे, तुझ्या बापाने कलमाला काड्या आणल्या कुठून? शेजारच्या नेल्लोकडून. त्याच्या विहिरीपाशी ती ओळ अजून उभी आहे. मला विचारायचंस की!’”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. प्रेमा हसणार होती, पण एत्तोरेचा चेहरा पाहून थांबली.

“तू पहिल्या दिवशी बोलला असतास, लक्ष्मी,” तो म्हणाला, “तर मी तेव्हाच आईला विचारलं असतं. एव्हाना मी वाढवलेल्या वेलाचा घड तिच्या हातात पडला असता.”

लक्ष्मीकांतला वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. एत्तोरेनेच विचारलं, “आता या काड्या लावल्या तर फळ कधी? खरं सांग.”

“नवं रोप केलं तर तीन-चार वर्षं. पण तुमच्या अंगणातल्या खुंटाची मुळं सात वर्षांची आहेत. वेल कापून त्यावर या काड्यांचं कलम भरलं, आणि ते धरलं, तर पुढच्या उन्हाळ्यात. धरेलच, असं मी सांगत नाही.”

“कोण भरणार कलम?”

“मी. लहानपणी शेकड्याने भरलीत. पण वीस वर्षं झाली, साहेब.”

फेब्रुवारीत त्याने शुवैखच्या बाजारातून बारीक दातांची करवत आणली आणि एत्तोरेचा लाडका वेल बुडापासून वीतभर ठेवून कापला. अंगण एकदम उघडं पडलं. खुंटाला चीर देऊन त्याने काड्यांच्या पाचरी बसवल्या, आणि बांधायला पट्टी कुठली, तर पाइपच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉनची टेप. एत्तोरे शेजारी उकिडवा बसून सगळं पाहत होता. “माझ्या बापाने दहादा बोलावलं होतं शिकायला,” तो म्हणाला. “मी कॉलेजात होतो. मला फार अक्कल होती.”

पाच काड्यांपैकी दोन धरल्या. महिन्याने त्यांचे डोळे फुगले, कोवळी पानं आली, लव असलेली, कातऱ्यांची. एत्तोरेने फोन करून साइटवरच सांगितलं आणि त्या शुक्रवारी पुन्हा ब्रोदेत्तो शिजलं.

पण आईने वाट पाहिली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. एत्तोरे जाऊन आला. भेटायला गेलेल्या लक्ष्मीकांतने कसंबसं म्हटलं, “साहेब, हे माझ्यामुळे राहून गेलं.”

“हो, थोडं तुझ्यामुळे,” एत्तोरे म्हणाला. “थोडं माझ्यामुळे. दर रविवारी फोन करत होतो, पण तिला बागेचं कधी विचारलंच नाही.” त्याने सारवासारव केली नाही, आणि लक्ष्मीकांतला त्याचंच बरं वाटलं. तरी घरी येऊन तो न्हाणीघरात नळ सोडून रडला.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये वेलाला चार घड दिसले. जूनच्या मध्यावर ते काळे झाले. एत्तोरेचं काम संपलं होतं, सामान बांधून झालं होतं, रविवारच्या विमानाचं तिकीट होतं. शुक्रवारी विधाते मंडळी शेवटचं जेवायला आली. जेवणाआधीच एत्तोरे सगळ्यांना अंगणात घेऊन गेला. त्याने एका घडातला एक मणी तोडला. स्वतः खाल्ला नाही. लक्ष्मीकांतच्या तळहातावर ठेवला.

“आधी तू,” तो म्हणाला. “आणि सांग.”

लक्ष्मीकांतने मणी तोंडात टाकला. एत्तोरे त्याच्या ओठांकडे पाहत होता. आई गेलेली, बाप गेलेला, आठ वर्षांची आस, परवाचं विमान. ‘वा!’ म्हणायला काय लागतं? जीभ त्या वळणावर जाऊन आली.

“आंबट आहे, साहेब,” लक्ष्मीकांत म्हणाला. “नुसता रंग आलाय. गोडी भरलेली नाही. आज खाल्लंत, तर तुमच्या वडिलांचं द्राक्ष तुम्हाला कळणार नाही.”

एत्तोरेने दुसरा मणी तोडून चावला. त्याचं तोंड वाकडं झालं. मग तो हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला आणि लक्ष्मीकांतच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो भिंतीवर आदळायचा राहिला.

“आंबट!” तो ओरडला. “चक्क आंबट आहे!”

घरात जाऊन त्याने तिकीटवाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस कारण विचारत होता. एत्तोरेने रिसीव्हरवर हात ठेवला आणि लक्ष्मीकांतला विचारलं, “किती दिवस लागतील?”

“दहा,” लक्ष्मीकांत म्हणाला. “आणि दहाव्या दिवशीही आंबट लागलं, तर तेव्हाही सांगेन.”

एत्तोरेने मान डोलावली आणि फोनवर दहा दिवसांनंतरची तारीख मागितली.